पोन्नंबलमचे डोळे

१

शनिवारी सकाळी अंजलै हातातला झाडू न टाकताच माझ्या भट्टीपाशी पळत आली आणि म्हणाली, "सेक्रेटरी सर, अय्यांनी डोळे मिटले!"

चाकावरचं ओलं मडकं माझ्या हातातच बसलं. आमच्या वेण्मणलमध्ये 'अय्या' म्हणावा असा एकच म्हातारा उरला होता. चित्रकार शंकुण्णी, वय ऐंशी.

"कधी?"

"मला काय माहीत? परवा धूळ झटकली तेव्हा उघडे होते."

"धूळ? शंकुण्णींची?"

"अहो, शंकुण्णी अय्या नाहीत! ते तिकडे मजेत कॉफी पिताहेत. भिंतीवरचे अय्या. पोन्नंबलम अय्या."

मी चिखलाचे हात लुंगीला पुसत सभागृहाकडे निघालो. सुरूच्या झाडांतून वारा येत होता, समुद्र शांत होता, मार्गशीर्षातली कोवळी थंडी होती. वाईट बातमीला शोभेल असं त्या सकाळीत काहीच नव्हतं.

वेण्मणल हे चित्रकार-शिल्पकारांनी वाळूवर वसवलेलं गाव. ज्यांनी ते वसवलं त्या नऊ जणांची चित्रं सभागृहात लावलेली आहेत, आणि त्यांतलं मधलं पोन्नंबलमचं. पन्नास वर्षांपूर्वी, पोंगलच्या तोंडावर, ते तीन दिवसांच्या तापाने गेले. वय अडतीस. त्याच आठवड्यात त्यांचा जिवलग मित्र शंकुण्णी याने त्यांना समोर बसवून हे चित्र केलं, असं त्याखालच्या पाटीवर लिहिलेलं आहे. मद्रासहून लोक यायचे ते या चित्राचे डोळे बघायला. मोठे, काळेभोर, थेट बघणारे. मी तीस वर्षं सभागृहात शिरताना त्या डोळ्यांना नकळत नमस्कार करत आलो होतो.

आज नमस्कार करायला डोळे नव्हते. पापण्या मिटलेल्या होत्या. तोच चेहरा, तीच दाढी, ओठांची तीच घडी, पण माणूस निजलेला.

मागून नागलिंगम आले. हे आमच्या समितीचे अध्यक्ष. स्वतःला पोन्नंबलमचे शिष्य म्हणवतात; वेण्मणलमध्ये आले ते मात्र गुरू गेल्यानंतर दहा वर्षांनी. चित्राकडे एकदाच बघून ते मला म्हणाले, "वेलायुधम, इतकं सफाईदार काम करणारा हात या गावात एकच आहे. आणि तो कुणाचा, हे तुम्हालाही ठाऊक आहे."

२

नागलिंगमनीच पोलिसांना फोन लावला. तासाभरात किनाऱ्याच्या चौकीवरून सब-इन्स्पेक्टर तिलकवती स्कूटरवरून आल्या. चाळिशीच्या बाई, वेणीत अबोलीचा छोटा गजरा.

"काय चोरीला गेलंय?"

"काही नाही," मी म्हणालो.

"फाडलंय?"

"नाही."

"मग?"

"डोळे मिटलेत."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मलाच माझे डोळे मिटावेसे वाटले. मग त्या चित्रापुढे जाऊन उभ्या राहिल्या.

"मला चित्रातलं काही कळत नाही, आधीच सांगते," त्या म्हणाल्या. "सभागृह उघडं असतं केव्हा?"

"सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. दुपारी जेवणानंतर इथे कुणी फिरकत नाही. कुलूप अंजलै लावते."

"काल लावताना बघितलंत?"

"मी दाराला कुलूप लावते, मॅडम," अंजलै म्हणाली. "भिंतीकडे कशाला बघू?"

म्हणजे गुरुवारची धूळ आणि शनिवारची सकाळ यांच्या मधे कधीतरी, बहुधा शुक्रवारी भर दुपारी, कुणीतरी सरळ आत आलं होतं. चित्राखाली एक बसायचं स्टूल ओढून आणलेलं होतं. स्टुलाच्या पायाशी तिलकवतींना कापसाचा एक पिळा सापडला, करंगळीएवढा. टोकाला तांबूस-काळा डाग.

"वात आहे," अंजलै म्हणाली. "पण इथे समई कुठाय?"

तिलकवतींनी पिळा हुंगला, कागदात गुंडाळला. "याला तेलाचा वास नाही. स्पिरिटचा आहे."

नागलिंगम मात्र घाईत होते. "पुढच्या मंगळवारी पन्नासावं स्मरण आहे, मॅडम. मद्रासहून दीडशे माणसं येणार. शंकुण्णीला आयुष्यभर एकच दुःख, लोक त्याचं चित्र बघायला येतात आणि नाव पोन्नंबलमचं घेतात. त्याने आता सूड उगवला. आज संध्याकाळी समितीची बैठक आहे. त्याला घर सोडायला सांगणार."

"ऐंशी वर्षांच्या माणसाला?"

"कलावंताच्या थडग्यावर थुंकणाऱ्याला."

"आणि पोन्नंबलमच्या पत्नीला हे सांगितलंत?"

"धनभाग्यम अम्मांना? छे! त्यांचं हृदय आधीच नाजूक. मुलीने सक्त सांगितलंय, अम्माच्या कानावर जाता कामा नये. सगळ्या गावाला बजावलंय."

३

शंकुण्णी ओसरीवर बसले होते. समोर स्टीलचा पेला, दोन्ही हातांनी धरलेला. एका हाताने धरला की कॉफी सांडते, म्हणून. मल्याळी माणूस, साठ वर्षं तमिळ बोलतो आणि अजून 'ळ' सोडून काही नीट म्हणत नाही, असं आम्ही त्यांना चिडवायचो.

"चित्र बघितलंत, अय्या?" तिलकवतींनी विचारलं.

"बघितलं."

"कसं वाटलं?"

त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "बरं केलंय," ते म्हणाले.

मी हादरलोच. "अय्या, असं काय बोलता? ते लोक तुम्हाला घराबाहेर काढायला निघालेत!"

"काढू देत. सामान फार नाही."

"तुम्ही केलंत का ते?" तिलकवतींनी सरळ विचारलं.

"समोर बसवून चित्र काढणं म्हणजे काय ते माहितीये, पोरी? तासन्‌तास एकमेकांकडे बघायचं. शेवटी कोण कुणाला बघतंय ते कळत नाही. पोन्नंबलमने माझी अकरा चित्रं काढली. एकातही नाक बरोबर नाही." ते स्वतःशीच हसले.

"मी विचारलं ते राहिलं."

"त्याच्या मुलीशी बोललात?"

"अजून नाही."

"मग नका बोलू." त्यांनी पेला खाली ठेवला. "कागद काढा. लिहा. मीच केलं. माझं चित्र, मी बिघडवलं. संपलं प्रकरण."

तिलकवतींनी खरंच कागद काढला. दोन ओळी लिहिल्या, पेन त्यांच्या हातात दिलं. शंकुण्णींनी सही करायला घेतली. पेन कागदावर नाचत गेलं, ओळ सोडून खाली उतरलं, पुन्हा वर चढलं. नाव लिहून व्हायला एक मिनिट लागलं.

बाहेर आल्यावर मी म्हणालो, "मॅडम, या माणसाने सहा वर्षांत ब्रशला हात लावलेला नाही."

"हो का? मग कबुली का दिली?" कागद घडी करत त्या म्हणाल्या. "खोटं बोलायचं तर माणूस स्वतःला वाचवायला बोलतो. हे कुणाला वाचवताहेत?"

४

पोन्नंबलमची मुलगी तेन्मोळी मद्रासला शाळेची मुख्याध्यापिका. वय चोपन्न, नवरा चार वर्षांमागे गेलेला. स्मरणाच्या तयारीसाठी आठवडाभर आईकडे राहत होती. आम्ही गेलो तर ती सुरूच्या बनात दोन झाडांना कापडी फलक बांधून बघत होती. तीन हात लांब फलक, आणि त्यावर चेहरा नाही, नाव नाही, फक्त त्या चित्रातले दोन डोळे, मोठे करून छापलेले.

"गुरुवारी संध्याकाळी छापून आले," ती म्हणाली. "अम्माच्या पुढ्यातच उघडले मी. आणि शुक्रवारी..." तिने फलकाची दोरी सोडून पुन्हा बांधली. "शंकुण्णी मामांनी असं का करावं? मी त्यांना वडिलांच्या जागी मानलं."

"त्यांनीच केलं असं वाटतं तुम्हाला?"

"दुसऱ्या कुणाला येणार आहे?" ती तिथल्या एका चौथऱ्यावर बसली. "मॅडम, तुम्हाला हसू येईल. परीक्षेला जाताना मी त्या डोळ्यांपुढे उभी राहायचे. लग्न करू का, त्यांना विचारलं. हे गेले, तेव्हा तीन दिवस सभागृहात बसून होते. अप्पा मला आठवत नाहीत, पण मामा ते चित्र काढत होते तो दिवस आठवतो. एवढीच एक आठवण आहे माझ्याकडे."

"सांगा ना."

"मी चार वर्षांची. खिडकीत बसले होते. हातात ताडगोळा, पाणी कोपरापर्यंत ओघळलेलं, आणि मामा सारखे ओरडत होते, 'हलू नकोस, पापणी लववू नकोस, इकडे बघ!' मला वाटायचं, अप्पांना किती रागावताहेत. अम्मा सांगते, अप्पा माझ्यासमोरच बसले होते."

"तुम्हाला दिसताहेत ते? आठवणीत?"

तेन्मोळी थांबली. "चेहरा दिसतो. डोळे... नाही, तो चित्रातलाच चेहरा दिसतो बहुतेक. का?"

"सहज विचारलं," तिलकवती म्हणाल्या. पण त्यांनी माझ्याकडे पाहिलं तेव्हा त्या नजरेत 'सहज' काहीच नव्हतं. आम्ही बनाच्या टोकापर्यंत आलो. मग त्या एकदम थांबल्या.

"सेक्रेटरी सर, पोंगलला कधी ताडगोळे खाल्लेत?"

"पोंगलला? जानेवारीत? ताडगोळे उन्हाळ्यात येतात."

"तेच म्हणतेय मी. तेव्हा तिचे वडील कुठे होते?"

५

त्यांनी मला परत सभागृहात नेलं, स्टुलावर चढवलं आणि हातात टॉर्च दिला.

"गालावर बघा. काय दिसतंय?"

"भेगा. जुन्या तैलरंगाला पडतात तशा. केसासारख्या."

"डोळ्याखालून एक वर जातेय ना? तिच्यामागून जा."

मी गेलो. भेग गालावरून निघाली, मिटलेल्या पापणीवर चढली, पापणी ओलांडून भुवईत शिरली. कुठेही तुटली नाही.

"आमच्या घराच्या भिंतीला भेग होती," तिलकवती म्हणाल्या. "वरून नवा गिलावा दिला, बुजली. इथे काल कुणी पापण्या रंगवल्या असत्या तर ही भेग बुजायला हवी होती. बोट लावा. रंग ओला आहे?"

"ठणठणीत कोरडा." मी टॉर्च पुन्हा पापणीवर धरला. "मॅडम, म्हणजे या पापण्या..."

"पन्नास वर्षांच्या आहेत. इथे कुणी काही रंगवलेलं नाही. पुसलेलं आहे. वरचे डोळे पुसले, खालचे निघाले."

मी स्टुलावरून उतरून त्यावरच बसलो. कुंभार असलो तरी तीस वर्षं चित्रकारांत काढली आहेत. एकेक गोष्ट जागेवर बसू लागली. पक्क्या वाळलेल्या चित्रावर वॉर्निशचा हात द्यायचा, आणि त्यावर काही रंगवायचं. स्पिरिटने वॉर्निश सुटतं आणि वरचा रंग त्याच्याबरोबर निघून येतो. खालच्याला धक्का लागत नाही. ज्याला खालचं मोडायचं नसतं, तोच असं करतो.

"शंकुण्णींनी पोन्नंबलमना समोर बसवलं नव्हतं," मी म्हणालो. "निजवलं होतं."

"ते आधीच गेलेले होते. आणि उन्हाळ्यात कुणीतरी सांगितलं, डोळे उघड. तोवर बघायला डोळे नव्हते. मग खिडकीत एक पोर बसवलं."

"पण पुसले कुणी?"

"खाली मिटलेले डोळे आहेत हे किती जणांना ठाऊक असेल? इकडचा रंग गेला नाही, तिकडचा राहिला नाही. जिथून पुसायला हवं तिथून पुसलंय, जिथे थांबायला हवं तिथे थांबलंय. काठ बघा, पापणीच्या केसावरून सरळ गेलाय. आणि ही सही बघा." त्यांनी शंकुण्णींचा कागद उलगडला. "हा हात तो काठ काढेल?"

"नाही."

"चित्रकार पुसतात कशाने?"

"चिंधीने."

"आणि कापूस असा पिळून, टोक काढून, कोण वापरतं? ज्याच्या बोटांना रोज वाती वळायची सवय आहे. गुरुवारी संध्याकाळी ते मोठे डोळे कुणाच्या पुढ्यात उलगडले गेले?" त्यांनी टोपी काखेत मारली. "सगळ्या गावाने मिळून ज्यांच्यापासून हे लपवलंय, त्यांच्याकडे जाऊ या. बैठक संध्याकाळी आहे ना?"

"मॅडम," मी म्हणालो, "तेन्मोळीची एकच आठवण आहे. ती अशी..."

"माहितीये. मघापासून तोच विचार करतेय. पण ती वाचवायची तर म्हाताऱ्याला रस्त्यावर बसावं लागेल. त्यांची तयारी आहे, माझी नाही."

६

धनभाग्यम अम्मा देवघरापुढे पाय पसरून बसल्या होत्या. मांडीवर कापूस, बाजूला वळलेल्या वातींची चळत. पंचाहत्तरीची बाई, अंगाने चिमुकली, आवाज मात्र बाजारातला. तेन्मोळी आमच्या पाठोपाठच धावत आली आणि दारातून मला हातवारे करू लागली, बोलू नका, बोलू नका.

"अम्मा, सभागृहातल्या चित्राबद्दल विचारायचं होतं," तिलकवती म्हणाल्या.

"आलात एकदाच्या!" अम्मांनी कापूस बाजूला सारला. "सकाळपासून वाट बघतेय. म्हटलं, आता कुणीतरी बोंब मारत येईल. जो तो येतो, 'अम्मा कशा आहात, अम्मा गोळी घेतली का' विचारतो आणि मांजरासारखा निघून जातो! एवढं काम केलं, कुणी बघितलं की नाही तेच कळेना."

तेन्मोळी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "काम? अम्मा, तू?"

"मी."

"अम्मा, तिकडे मामांना घर सोडायला सांगताहेत!"

"कुणाला? शंकुण्णीला? कशाबद्दल?" अम्मा उठायलाच निघाल्या. "त्या नागलिंगमला बोलाव इकडे! आणि तो शंकुण्णी गप्प बसला? त्याला तोंड नाही?"

"त्यांनी कबुली दिली, अम्मा," तिलकवती म्हणाल्या. "लेखी."

अम्मा पुन्हा खाली बसल्या. त्यांनी लेकीकडे पाहिलं.

"तुझ्यासाठी दिली त्याने," त्या म्हणाल्या. आवाज उतरला होता. "ये, बस इथे. उभ्याने ऐकू नकोस."

मग त्यांनी सांगितलं. घरात पोन्नंबलमचा एक धड फोटो नव्हता. लग्नाचा होता, त्यात ते हलले होते. दुसऱ्यांची चित्रं काढणारा माणूस, स्वतः कधी कुणापुढे बसला नाही. पहाटे गेले. अंघोळ घालायच्या आधी शंकुण्णी आला आणि म्हणाला, मला दुपारपर्यंत वेळ द्या. मित्राच्या उशाशी बसून त्याने चित्र काढलं, रडत नव्हता, फक्त नाक पुसायचा, रंगाच्याच हाताने. चित्र आत ठेवलं गेलं. उन्हाळ्यात तेन्मोळीला ते दिसलं. रोज त्याच्यापुढे जाऊन म्हणायची, "अप्पा, उठा." एक महिना.

"मला सोसेना," अम्मा म्हणाल्या. "मीच त्याच्या पाया पडले. म्हटलं, डोळे उघड. तो म्हणाला, मला आठवताहेत पण काढता येत नाहीत. मग तुला खिडकीत बसवलं. तुझेच काढले, थोडे मोठे करून. वॉर्निशवर काढले, म्हणाला, कधी वाटलं तर निघतील. ती पाटीही माझ्याच सांगण्यावरून लावली. तू उड्या मारत अंगणात गेलीस. अप्पा उठले म्हणून."

तेन्मोळीने बाजूची एक वात उचलली आणि उलगडून टाकली.

"पन्नास वर्षं तो माणूस माझ्याकडे माझ्या पोरीच्या डोळ्यांनी बघतोय. त्याचे कसे होते ते मी रात्रंदिवस आठवायची, ते पुसट व्हायला लागले. परवा तू ते फलक उघडलेस आणि नुसते डोळे दिसले. तुझे! मला वाटलं, आता मी मरेन आणि तो कसा होता हे कुणालाच ठाऊक नसेल. एकदा त्याला बघायचं होतं, खरा. निजलेला का होईना."

७

अम्मांच्या तोंडून सगळं ऐकल्यावर नागलिंगमनी संध्याकाळची बैठक घेतली नाही. अंधार पडायच्या आधी ते शंकुण्णींकडे गेले आणि तासभर ओसरीवर बसले. काय बोलले माहीत नाही. येताना त्यांचे डोळे लाल होते आणि त्यांनी मला विचारलं, पाटी बदलायला किती दिवस लागतील. तिलकवतींनी आपल्या वहीत 'तक्रार नाही' एवढंच लिहिलं. शंकुण्णींची कबुली त्यांनी फाडली नाही, घरी नेली. कशासाठी, ते मी विचारलं नाही.

तेन्मोळी मात्र दोन दिवस कुणाशी बोलली नाही. आईशी तर नाहीच. सोमवारी दुपारी ती शंकुण्णींच्या ओसरीवर आली. मी तिथेच होतो. अम्मांनाही तिनेच हाताला धरून आणलं होतं, पण तोंड फुगलेलंच.

"मामा," ती म्हणाली, "मी त्या डोळ्यांना सगळं विचारत आले. लग्न करू का, नोकरी सोडू का. हे गेल्यावर जगू का. आणि ते माझेच होते. एवढी वर्षं मी कुणाशी बोलत होते?"

"स्वतःशी," शंकुण्णी म्हणाले. "उत्तर चुकलं का एखादं?"

ती हसली की रडली ते सांगणं कठीण. पदराने तोंड पुसून तिने विचारलं, "आता पुन्हा काढाल का डोळे?"

"हात बघ माझे."

"हात चालत असते तर?"

"तर तुला विचारलं असतं."

"नको," ती शेवटी म्हणाली. "निजू देत त्यांना." मग आईकडे वळली. दोन दिवसांतलं पहिलं वाक्य. "अम्मा, कसे होते खरे?"

"काय?"

"डोळे. अप्पांचे."

धनभाग्यम अम्मांनी शंकुण्णींकडे पाहिलं, शंकुण्णींनी त्यांच्याकडे, आणि दोघेही एकदम बोलायला लागले.

"बारीक," अम्मा म्हणाल्या.

"मिचमिचे! बिडीच्या धुराने कायम लाल."

"लाल नव्हते, तांबूस. आणि डावी पापणी जरा जड होती."

"उजवी."

"डावी! बायको मी आहे की तू?"

"अकरा वेळा त्याच्यापुढे बसलोय, अक्का. उजवी."

"तुझी उजवी ती त्याची डावी, समोरून बघत होतास ना? हसले की दोन्ही नाहीसे व्हायचे," अम्मा लेकीला सांगू लागल्या. "भांडायला लागले की एक मोठा व्हायचा, एकच. आणि मी भात वाढायला वाकले की असे बारीक करून बघायचे, जसं काही माझं माप घेताहेत. मी म्हणायची, काय बघता? तर म्हणायचे, हिरवा. तुझ्या मानेखाली हिरवा रंग आहे. कुणाच्या मानेखाली हिरवा रंग असतो का गं?"

तेन्मोळी पुढे सरकली आणि तिने आईच्या मानेखाली निरखून पाहिलं.

"आहे," ती म्हणाली. "अजून आहे."